कागदाच्या बैलांना आवतण

आमच्या बालवाडीत बैल आधी पायांनी तुडवायचे आणि मग हातांनी घडवायचे. रद्दी कागद फाडून घमेल्यात भिजत टाकायचा. तो मऊ झाला की लेकरांचे पाय धुवायचे, त्यांना घमेल्यात उभं करायचं आणि नाच म्हणायचं. उखळात कुटूनही लगदा होतो, आणि जास्त बारीक होतो. पण घमेल्यात नाचायला मिळतं म्हटल्यावर लेकरू दुसऱ्या दिवशी न बोलावता येतं. मला लेकरं यायला हवी होती. का, ते सांगते.

लातूर जिल्हा तेव्हा नवा झाला होता. त्याआधी आम्ही उस्मानाबादचे. आमचं गाव देवणीजवळ. देवणीसुद्धा तेव्हा तालुका नव्हती, उदगीर तालुक्यातलं बाजाराचं गाव होतं. नवा जिल्हा झाल्यावर आमच्या गावाला एक बालवाडी मिळाली. ती चालवायला गावातलीच बाई पाहिजे होती, निदान चौथी पास. गावात शिकलेल्या सुना होत्या, पण आपल्या सुनेनं दुसऱ्याच्या लेकरांची नाकं पुसलेली त्यांच्या घरात चालणार नव्हती. आमच्या बौद्धवाड्यात चौथी पास बायका दोनच होत्या, त्यातली एक नुकती बाळंत झालेली. म्हणून मी लागले. यात माझी काही हुशारी नव्हती.

बालवाडीला जागाही आमच्याच वाड्यातली मिळाली. समाजमंदिराची खोली, वर पत्रे, समोर चार पायऱ्या.

पावसानं आदल्या वर्षी पाठ फिरवली होती आणि त्या वर्षीही तो नुसता शिंपडून गेला होता. माझा नवरा हैदराबादला बांधकामावर होता. सासू नव्हती. सासरे घरी, गुडघ्यांमुळं बसून. वाड्यातल्या बायका पहाटे दुष्काळी कामावर खडी फोडायला जायच्या आणि लहान लेकरं माझ्याकडं टाकून जायच्या. दुपारी बालवाडीत लापशी मिळायची. दलिया, गूळ आणि वरून तेल. ती लापशी काही लेकरांचं दिवसातलं एकच धड जेवण होतं. घरी भाकर असायची, पण अर्धी, आणि तीही मिलोची, रेशनच्या लाल ज्वारीची. लेकरं ती चघळत बसायची.

तालुक्याहून एक मोठ्या बाई बालवाडी तपासायला यायच्या. त्या वाईट नव्हत्या. उन्हातान्हात एसटीनं यायच्या, फाट्यावरून चालत यायच्या, माझ्याकडं पाणी प्यायच्या. पण एक दिवस त्यांनी पंगतीकडं बघितलं आणि मला बाजूला घेतलं.

"ही सगळी तुमच्या वाड्यातलीच लेकरं ना?"

"हाव."

"गावातली कुठं आहेत?"

"येत न्हाईत."

"मग ही गावाची बालवाडी कशी झाली?" त्या म्हणाल्या. "हे बघा, मी किती दिवस झाकणार? शेजारच्या गावानं अर्ज केलाय. तिथं सगळ्या गल्ल्यांतली लेकरं एकत्र बसतील असं सरपंच म्हणतोय. पोळा झाला की मी येईन. वरच्या गल्लीतली लेकरं पंगतीला दिसली पाहिजेत. नुसती खेळताना दिसून चालणार नाही, जेवताना. नाहीतर बालवाडी तिकडं जाईल."

बालवाडी गेली असती तर माझं मानधन गेलं असतं, ते एक. पण खरी गेली असती ती लापशी. शेजारचं गाव मोठ्या माणसाला जवळ, तीन वर्षांच्या लेकराला लांब. तिथं कोण सोडायला जाणार आणि कोण आणायला? आया तर खडी फोडत होत्या.

मी वरच्या गल्लीत घरोघर फिरले. कुणी तोंडावर काही बोललं नाही. "लांब पडतं गं बाई," म्हणाल्या. गाव एवढंसं, की एका टोकाला कुणी शिंकलं तर दुसऱ्या टोकाला ऐकू जायचं. त्यांना लांब पडत होता तो रस्ता नव्हता. लापशी मी शिजवत होते, ते लांब पडत होतं.

त्याआधी उदगीरला आमचं शिबिर झालं होतं. खेळणी घरच्या घरी कशी करायची ते शिकवायला एक मॅडम आल्या होत्या, पुण्याकडच्या. त्यांनी परातीत गव्हाचं पीठ घेतलं, मीठ घातलं, तेल घातलं. एका गोळ्यात हळद, एका गोळ्यात कुंकू. छान मऊ गोळे झाले. त्यांनी त्याचं बदक केलं आणि आमच्यासमोर ठेवलं. आम्ही सगळ्या बायका त्या परातीकडं बघत होतो.

मी म्हणाले, "मॅडम, हे बदक आमच्याकडं टिकणार न्हाई."

"टिकतं. सावलीत वाळवायचं."

"वाळायच्या आधीच खातील."

बायका हसल्या. मॅडमही हसल्या आणि मग एकदम थांबल्या. त्यांना कळलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी पीठ आणलं नाही, कागद आणला. नव्या जिल्ह्याच्या कचेरीत जुन्या जिल्ह्याचं नाव छापलेले कागद पडून होते. ते आता कुणाच्या कामाचे नव्हते. मॅडमनी साहेबांच्या मागं लागून त्याचे गठ्ठे आम्हाला वाटून दिले. मी माझा गठ्ठा डोक्यावर घेऊन एसटीत चढले तेव्हा कंडक्टर म्हणाला, "काय बाई, अख्खा जिल्हा उचलून चालल्या का?"

लगद्याला चिकटपणा यायला खळ लागते. पिठाची खळ आम्हाला परवडणारी नव्हती. मी चिंचोक्याची केली. चिंचोके भाजायचे, भिजवायचे, साल काढून वाटायचे आणि शिजवायचे. घोंगडीला देतात तीच खळ. चिंचोके लेकरं गोळा करून आणायची. त्यातले निम्मे भाजतानाच खाऊन टाकायची, त्याला माझी ना नव्हती.

पाण्याचं मात्र अवघड होतं. वाड्यातला हापसा खडखडत राहायचा आणि कधीतरी गढूळ पाणी द्यायचा. कागद भिजवायला चांगलं पाणी घालणं म्हणजे शिव्या खाणं. मी लापशीच्या आधी लेकरांनी हात धुतलेलं पाणी घमेल्यात धरायची. तेच कागदाला.

सुरुवातीला आम्ही चेंडू केले. मग चूल, तवा, बोळकी. भातुकलीची सगळी भांडी उन्हात मांडली की पायऱ्यांवर जत्रा भरल्यासारखं दिसायचं. मग पोळा जवळ आला आणि लेकरांनी बैल करायला घेतले. पायाला तुरीच्या काड्या, शिंगाला बाभळीचे काटे. रंग काय, चुना आणि तव्याची काजळी. आमच्या भागात बैलाला तेवढे दोनच रंग लागतात.

त्या बैलांनी वरच्या गल्लीतलं पहिलं लेकरू आणलं. गावात ज्यांची जमीन जास्त, त्या घरची नात. पाचेक वर्षांची, झगा गुडघ्याच्या वर गेलेला, मान ताठ. दारात उभी राहिली.

"काय करून राहिले?" तिनं विचारलं.

"बैल," आमची लेकरं म्हणाली.

"ह्यो बैल हाय? मला तर डुक्कर दिसून राहिलं."

"मग तू करून दाखव," मी म्हणाले.

ती आत आली आणि बसली. तिचाही बैल डुकरासारखाच झाला, पण तिनं ते मान्य केलं नाही. दुसऱ्या दिवशी ती दोन चुलत भावंडांना घेऊन आली. मग त्यांच्या शेजारची आली. सकाळी माझी खोली भरायला लागली. घमेल्यात कोण आधी नाचणार यावरून मारामाऱ्या व्हायला लागल्या. मी दोघांना धरून दोन धपाटे घालायची आणि दोघांनाही बाहेर काढायची. त्या वेळी धपाटे घातले तरी कुणी काही म्हणत नसे.

पण लापशी उतरवायची वेळ झाली की रस्त्यावरून हाक यायची. त्या पोरीची आजी. नवरा मेल्यावर तिनं एकटीनं शेत सांभाळलं होतं, आणि घरातल्या मुलांची तिच्यापुढं बोलायची टाप नव्हती. ती आमच्या वाड्यात पाऊल टाकत नसे. वाड्याच्या तोंडाशी रस्त्यावर उभी राहून ओरडायची, "ए भवाने! चल घरी!" तिच्या नातवंडांबरोबर गल्लीतली बाकीचीही उठायची आणि पळायची. खोली अर्धी रिकामी व्हायची. पंगतीला आमचीच लेकरं.

एकदा मीच रस्त्यावर गेले. आजी मिश्रीचं बोट दातावर फिरवत होती.

"का मास्तरीणबाई," ती म्हणाली, "घाण पाण्यात पोरं नाचवून राहिल्या म्हनं?"

"घाण न्हाई, काकू. हात धुतलेलं पाणी हाय."

"कुणाचे हात?"

"सगळ्यांचे. तुमच्या नातीचे बी."

तिनं पिंक टाकली. "बोलायला मोठी फटकळ हाईस."

"पोरीला दोन घास खाऊन जाऊ द्या की. गरम असतंय."

"खेळू दे म्हनलं ना मी? खेळाला काय. हातापायाला लागलेलं धुता येतंय. पोटात गेलेलं कसं धुवू?"

एवढं सरळ आजवर कुणी बोललं नव्हतं. मला राग आला, पण एक बरंही वाटलं. लांब पडतं म्हणणाऱ्या बायकांपेक्षा हिच्याशी बोलणं सोपं होतं. पोळा आठ-दहा दिवसांवर होता आणि पंगत अर्धीच होती.

त्या वर्षी पोळ्याला गावात बैल फारसे नव्हतेच. चारा नाही, पाणी नाही. ज्यांचे पाहुणे बीदरकडं पाण्याच्या गावांत होते त्यांनी बैल तिकडं धाडले होते. त्या आजीच्याही दावणीला एकच म्हातारी गाय उरली होती. बैल नसले तर घरात मातीची जोडी पुजतात. पण मातीची जोडी देणारा कुंभारही उन्हाळ्यातच बिऱ्हाड घेऊन हैदराबादच्या बाजूला कामाला गेला होता, तो परत आला नव्हता.

एक दिवस ती पोरगी येऊन माझ्या कानाशी लागली. "बाई, आज्जीनं जोडी मागितली हाय."

"कसली जोडी?"

"बैलाची. देवाम्होरं ठिवायला. म्हनली, तुमच्या तिथले दोन चांगले बघून आण. कुणाला सांगू नको म्हनली."

हे तिनं एवढ्या मोठ्यानं सांगितलं की सगळ्या खोलीनं ऐकलं.

मी म्हणाले, "घेऊन कामून जातीस? तूच कर. तुझ्या घरची जोडी तुला ठावी हाय."

ती बसली. आता तिला डुक्कर चालणार नव्हतं. तिनं दोन केले, मोडले, परत केले. तिच्या घरचा एक बैल तोंडावर काळा आणि बाकी पांढरा, दुसरा पूर्ण पांढरा. पण शिंगं काही जमेनात. बाभळीचे काटे सरळ उभे राहायचे.

माझे सासरे पायरीवर येऊन बसले होते. आदल्या दिवशीच त्यांनी माझ्याशी वाद घातला होता. "दीक्षा घेतली ते इसरली का?" म्हणाले होते. "पूजेचे बैल करून राहिली लेकरांकडून."

"पूजा कुठं हाय, मामा? खेळ हाय."

"आज खेळ. उद्या हळद-कुंकू आणतील."

"कुंकू आणू देत न्हाई," मी म्हणाले. ते त्यांना पटलेलं नव्हतं.

आता ते त्या पोरीचे बैल बघत होते. त्यांनी उभी हयात सालगडी म्हणून काढलेली, त्यातली कितीतरी वर्षं त्याच पोरीच्या घरच्या गोठ्यात. त्यांना राहवेना.

"ए पोरी, हे काय केलंस? ही खिलारीची शिंगं झाली. आपल्या देवणी बैलाचं शिंग आधी बाहीर जातं, मग वर वळतं." त्यांनी काटे उपटले. लगद्याच्या दोन वळ्या केल्या आणि डोक्याला अशा लावल्या की बैल खरंच बघायला लागला. "आन कान? कान लोंबते पाहिजेत. लांब. हां. आता हा तोंडावर काळा, त्याला वानेरा म्हनायचं. हा सगळा पांढरा, ह्यो बाळंक्या."

"आन ठिपक्याचा?" आमच्यातलं एक पोरगं म्हणालं.

"ठिपक्याचा शेवरा."

मग सगळ्यांनाच आपापल्या बैलाला नावं पाहिजे झाली. सासरे दुपारपर्यंत तिथंच बसले. दीक्षेचं पुन्हा काही बोलले नाहीत. मीही आठवण केली नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडं खांदमळणी असते. वर्षभर जू ओढून बैलाचा खांदा दुखावलेला असतो. त्यावर कोमट पाणी घालायचं, तूप-हळद चोळायची आणि त्याला आवतण द्यायचं, की उद्या आमच्या घरी जेवायला या. दुसऱ्या दिवशी बैल जेवल्याशिवाय घरात कुणी जेवत नाही. हे लेकरांनी दरवर्षी घरी बघितलेलं. त्या सकाळी खोलीत सगळ्यांचे बैल ओळीनं उभे होते, लंगडे, पोटफुगे, एक तर तीन पायांचा. लेकरांनी खांदमळणी सुरू केली. तूप कुठलं? माझ्या लापशीच्या तेलातला एक थेंब आणि चिमूटभर हळद.

ती पोरगी पुढारी झाली. प्रत्येक बैलापुढं बसून कानात सांगायची, "जेवायला या बरं का. लवकर या."

"उद्या या म्हन," दुसऱ्या कुणीतरी सुधारलं.

"उद्या बालवाडीला सुट्टी हाय ना येड्या. आजच जेवतील."

तिचं बरोबर होतं. मी उद्याची सुट्टी सांगून ठेवली होती. त्यामुळं आवतण आणि जेवण एकाच दिवशी उरकायचं ठरलं.

मी लापशी उतरवली. रस्त्यावरून अजून हाक आली नव्हती. पोळ्याच्या तयारीत आजी घरी अडकली असणार. ती पोरगी माझ्याकडं आली आणि पळसाचं पान पुढं केलं.

"बैलाला वाढा."

मी पळीभर वाढलं. तिनं पान नेऊन बैलांपुढं ठेवलं. आमची लेकरं ताटल्या घेऊन बसली होती, त्यांना तिनं दटावलं, "हात लावायचा न्हाई! बैल जेवून राहिले." आणि भुकेली लेकरं खरंच थांबली. लापशीचा वास सुटलेला, आणि एकानंही बोट बुडवलं नाही. रोज मी ताटल्या रिकाम्या व्हायची वाट बघायची. त्या दिवशी कागदाच्या बैलांचं पोट भरायची वाट बघत बसले.

मग तिनं पान उचललं. सगळ्यांच्या हातावर चिमटी चिमटी ठेवत गेली. तिच्या चुलत भावाच्या हातावरही ठेवली. तो तिच्याकडं बघायला लागला.

"खा. परसाद हाय," ती म्हणाली आणि आपल्या तोंडात टाकलं.

त्यानं खाल्लं. मग वरच्या गल्लीतल्या बाकीच्यांनी खाल्लं. आणि खाल्ल्यावर उठून न जाता ती सगळी जागा बघून पंगतीत बसली. माझ्याकडं ताटल्या कमी पडल्या, मी पळसाची पानं मांडली.

मला कळत होतं की थांबवलं नाही तर भांडण होणार. आणि थांबवलं तर मी कशाची बालवाडीची बाई? लेकरू पानावर बसलंय, भांड्यात लापशी आहे. मी वाढलं.

निम्मी लापशी संपली असेल, आजी आली. त्या दिवशी ती रस्त्यावर थांबली नाही. तिला कुणीतरी सांगितलं असणार. वाड्यातून सरळ चालत आली आणि पायऱ्यांखाली उभी राहिली. पदर कमरेला खोचलेला, हाताला पीठ लागलेलं.

"कुणी खाऊ घातलं हिला?"

लेकरांचे घास हातातच राहिले.

"मी वाढलं," मी म्हणाले.

"तुला बजावलं होतं का न्हाई?"

"बजावलं होतं."

"मग?"

मी काही बोलायच्या आत ती पोरगी तोंड भरलेलं असतानाच म्हणाली, "आज्जे, वरडू नको. बैलाचा परसाद हाय."

"कशाचा बैल? कागदाचा? कागदाच्या बैलाचा कसला गं आलाय परसाद?"

"मग उद्या देवाम्होरं कामून ठिवतीस?"

माझे सासरे भिंतीला टेकून बसले होते. त्यांना हसू आलं, ते त्यांनी खोकल्यात घातलं. आजीनं तिकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग नातीकडं. बैल खोटा म्हणावा तर उद्याची पूजा खोटी. बैल खरा म्हणावा तर त्याच्यापुढून आलेला घास टाकता येत नाही. प्रसाद टाकलेला तिच्या घरात कधी कुणी बघितला नव्हता.

"कुठं हाय जोडी?" शेवटी ती म्हणाली.

पोरीनं हात झग्याला पुसले आणि दोन्ही बैल आणून दाखवले. आजीनं वानेरा हातात घेतला. फिरवून बघितला.

"ह्याच्या उजव्या डोळ्याखाली पांढरं होतं."

"काजळी सांडली," पोरगी म्हणाली.

"शिंगं कुणी वळवली?"

"म्या, वैनी," सासरे म्हणाले.

"वाटलंच." तिनं पदर डोक्यावर घेतला. "औंदा बीदरकडं पाणी हाय म्हनत्यात. पर चारतंय कोण कसं, काय ठाव." हे ती सासऱ्यांना म्हणाली, का बैलाला, ते मला समजलं नाही. सासरे म्हणाले, "येतील परत. पाऊस पडला की येतील."

तिनं जोडी पदरात घेतली आणि जाताना माझ्याकडं वळली.

"मास्तरीण, आज परसाद म्हनून खाल्लं. रोजचं न्हाई. सांगून ठिवते."

"बरं," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

संध्याकाळी आमच्या वाड्यातल्या दोघा-तिघांनी मला बोल लावला. समाजमंदिरात बैलाला नैवेद्य दाखवला म्हणाले. मी उत्तर द्यायच्या आधी सासरेच बोलले, "लेकरांचा खेळ होता. आन सगळी लेकरं जेवली. तुमची बी जेवली. इचारा जाऊन." त्यावर विषय मिटला नाही, पण त्या दिवसापुरता थांबला.

पोळा झाला. बालवाडी उघडली तशी वरच्या गल्लीतली लेकरं सकाळी आली, घमेल्यात नाचली आणि दुपारी हाक आल्यावर गेली. पुन्हा तेच. पंगत अर्धी. पोरगी जाताना मागं वळून भांड्याकडं बघायची, पण जायची. मी तिला थांब म्हणाले नाही. लेकराला आजीविरुद्ध उभं करून बालवाडी चालवायची नव्हती मला.

मोठ्या बाई आल्या तो दिवस मला चांगला आठवतो, कारण त्या सकाळी वरच्या गल्लीतलं एकही लेकरू आलं नाही. मला वाटलं, संपलं. मोठ्या बाईंनी भिंतीशी मांडलेले बैल बघितले, बोळकी बघितली, छान म्हणाल्या. त्यांची नजर दाराकडं होती. मी लापशी उतरवली. आमची लेकरं बसली. मोठ्या बाई माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "मी थोडं थांबते." त्या तेवढं करतील असं मला वाटलं नव्हतं. त्यांची परतीची एसटी चुकणार होती.

मी पहिली ताटली वाढली आणि दारात ती पोरगी दिसली. हातात स्टीलची ताटली, तिच्या छातीएवढी. मागं दोन्ही चुलत भावंडं, त्यांच्याही हातात ताटल्या. त्यांच्या मागं गल्लीतली आणखी काही, कुणाकडं वाटी, कुणाकडं परातीएवढं काहीतरी.

"आज्जी म्हनली," पोरीनं उभ्याउभ्याच सांगितलं, "ताटली आपल्या घरची न्यायची. इथंच घासायची. मग घरी आणायची."

बालवाडी जाणार हे गावभर झालं होतं; आजीनं सकाळभर लेकरं घरी ठेवून ही वाट काढली असणार.

"आन बसायचं कुठं म्हनली?" मी विचारलं.

तिनं विचार केला. "ते न्हाई सांगितलं."

मग ती नेहमी जिच्याशेजारी बैल करायला बसायची त्या आमच्यातल्या पोरीला सरकवून बसली. बाकीची जिथं जागा मिळेल तिथं बसली. मी वाढत गेले. मोठ्या बाईंनी त्या ताटल्यांकडं बघितलं. त्यांना कळायला वेळ लागला नाही, त्याही याच मुलखात वाढलेल्या.

"ताटल्या घरून का आणल्या?" त्यांनी हळूच विचारलं.

"ताटली घरची हाय, लापशी इथली," मी म्हणाले.

त्यांनी लेकरं मोजली, पिशवी उचलली. "चालू दे तुमचं," म्हणाल्या आणि एसटी गाठायला जवळजवळ पळत गेल्या.

रात्री सासरे म्हणाले, "ताटली आणली म्हंजे इटाळ धरलाच की तिनं."

"धरला."

"मग कशाला वाढलंस?"

"लेकराला भूक लागली होती, मामा. ताटलीला न्हाई."

त्यांचा राग गेला नव्हता आणि तो जावा असं मलाही वाटत नव्हतं. तो राग खरा होता. पण बालवाडी शेजारच्या गावाला गेली नाही, आणि खडी फोडून आलेल्या बायकांना लेकरं जेवलेली मिळत राहिली.

पुढं थोड्याच दिवसांत आमच्या वाड्यातली लेकरंही घरून ताटल्या आणायला लागली. त्यांनी बघितलं होतं की बालवाडीच्या ताटलीपेक्षा घरच्या ताटलीत जास्त मावतं. मग कुणी कशासाठी आणली, हे बघणाऱ्याला कळेनासं झालं. दलिया तेवढाच येत होता, त्यामुळं मला मात्र लापशी पातळ करावी लागली.